शिळ्या भाकरीचा वाटेकरी कोण?



आजची नोंद बागेतली नाही. भुरी, डावणी, छाटणीच्या तारखा सगळं बाजूला ठेवून आज स्वयंपाकघरातलं लिहितोय. खरं म्हणजे ते लिहायचा मला अधिकार नाही. 54 वर्षांच्या आयुष्यात चहा सोडला तर चुलीवर मी काही केलेलं नाही. तरी लिहितो, कारण एक गाय गेली आणि त्यानंतर घरातूनच एक प्रश्न आला, त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

आधी गाईचं सांगतो.

वैशाखात भाऊबंदात लग्न होतं. पंगती उठल्या, दीड पातेलं भात आणि पाटीभर पुऱ्या उरल्या. उन्हाळ्याचे दिवस, रात्रीतून सगळं आंबणार. अन्न उकिरड्यावर टाकायला जीव होत नव्हता, म्हणून दोन घमेली मीच गोठ्यात नेली आणि गव्हाणीत ओतली. दुसऱ्या वेताची संकरित गाय, दोन्ही वेळचं मिळून 17-18 लिटर दूध द्यायची. तिनं मिटक्या मारत सगळं संपवलं. मला वाटलं, बरं झालं, अन्नाचं सार्थक झालं.

पहाटे धारेला गेलो तर गाय रवंथ करीना. डावी कूस तटतटलेली, शेण पातळ, त्याला आंबूस वास. दुपारपर्यंत पाय टाकून बसली. डॉक्टर आले, खायचा सोडा पाजला, सलाईन लावलं, दोन दिवस धडपड केली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाय गेली.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावून सांगितलं, ते इथं मुद्दाम लिहितो. गाईच्या मोठ्या पोटात चारा कुजवणारे जिवाणू असतात. त्यांची सवय गवताची, कडब्याची. तिथं एकदम भात, पुऱ्या, गोडधोड असं पिठूळ अन्न पडलं की दुसरेच जिवाणू माजतात आणि ते आम्ल तयार करतात. पोटाचा सामू साडेपाचाच्या खाली जातो, चारा पचवणारे जिवाणू मरतात, अंगातलं पाणी पोटाकडं ओढलं जातं आणि जनावर आतून वाळतं. लग्नसराईत आणि सप्त्याच्या काल्यानंतर अशा केस त्यांच्याकडं नेहमी येतात म्हणे. उरलेलं घालायचंच तर मूठ-पसा, वैरणीत मिसळून, आणि तेही हळूहळू सवय लावून. घमेल्यानं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वय झालं, जनावरं सांभाळत आयुष्य गेलं, आणि हे माहीत नव्हतं? थोडंफार माहीत होतं. पण त्या वेळी डोक्यात एकच, की टाकायचं नाही. "जनावराला घातलं म्हणजे वाया गेलं नाही" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की पुढचा विचारच होत नाही.

गाय गेल्यावर आठ दिवसांनी मी या पानावर चार ओळी टाकल्या होत्या. काहींनी वाचल्या असतील. अन्न जपून वापरा, जनावराला बेतानं घाला, शिळं टाकू नका, घरात खा. पुष्कळांनी हात जोडले, अंगठे दिले. मलाही बरं वाटलं.

रात्री जेवताना सूनबाई म्हणाली, "नाना, पोस्ट वाचली तुमची. चांगली आहे. एक विचारू?"

म्हणलं विचार की.

"आपल्या घरात शिळं कोण खातं?"

मी ताटाकडं बघितलं. ताटात गरम भाकर, वांग्याचं कालवण, वाफेचा भात. समोर चुलीजवळ हिच्या ताटात सकाळची भाकर. सूनबाईच्या ताटातही सकाळचीच. आईच्या ताटात मऊ भात होता, पण तो आता दात नाहीत म्हणून. दात होते तोपर्यंत शिळ्या भाकरीचा पहिला मान तिचाच होता.

मी काही बोललो नाही. मुलगाही बोलला नाही. सूनबाईनं विषय वाढवला नाही, पण घास गिळायला जड गेला एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, तू कायम शिळं का खायचीस?

ती म्हणाली, "टाकायचं व्हतं का मग? आन मी ताजं खाल्लं आसतं तर तुमाला पुरलं आसतं का?"

आईनं बाहत्तरचा दुष्काळ बघितलाय. खडी फोडायच्या कामावर जायची. तिथं मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळायचा, त्याच्या भाकरी थापायची. त्या भाकरी तव्यावरच तडकायच्या, घशाखाली उतरायच्या नाहीत, असं अजून सांगते. मी तेव्हा मांडीवर होतो. त्या काळात जिला घास जपायची सवय लागली, तिच्या शिळं खाण्याला मी नाव ठेवणार नाही. पण तो दुष्काळ होता. आज माझ्या घरात धान्याची कणगी भरलेली आहे, फ्रिज आहे, दारात दोन मोटरसायकली आहेत, आणि शिळं खायची पाळी अजून बायकांवरच. मग अन्न वाचतंय ते कुणाच्या जिवावर?

या पानावर मी आजवर खताचा, पाण्याचा, औषधाचा हिशोब लिहिला. म्हणलं, याचाही हिशोब करून बघू. कांद्याच्या गोण्या मोजायचा लहान ताणकाटा घेतला, एक झाकणाची बादली ठेवली. नियम साधा. माणसाच्या पोटात गेलं नाही ते सगळं बादलीत, मग पुढं ते गोठ्यात जावो नाहीतर उकिरड्यावर. घरात माणसं सात: आई, आम्ही दोघं, मुलगा-सून आणि दोन नातवंडं.

पहिल्या आठवड्यात भरलं 8 किलो 100 ग्रॅम. त्यातलं साडेचार किलो साली, देठं, पाला, चहाचा चोथा. उरलेलं 3 किलो 600 ग्रॅम म्हणजे सरळ खाण्यासारखं शिजवलेलं अन्न. भात 1 किलो 700, भाकरी-पोळ्या 1 किलो 100, बाकी भाजी-वरण.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा 2024 चा एक अहवाल आहे. त्यात जगभरातल्या घरांचा, हॉटेलांचा, दुकानांचा हिशोब मांडलाय. 2022 या एका वर्षात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. हॉटेलवाल्यांना आणि मंगल कार्यालयांना आपण उगाच शिव्या देतो, मोठा वाटा आपल्या पातेल्यांचा आहे. भारतात माणशी वर्षाला 55 किलो धरलंय, जगाची सरासरी 79. यात साली-हाडं पण मोजतात. आमच्या सात माणसांचा हिशोब केला तर भारताच्या सरासरीनं आठवड्याला 7 किलो 400 ग्रॅम यायला पाहिजे. आमचं त्याहून वर. मी समजत होतो की हे सगळं शहरातलं, पिझ्झा खाणाऱ्यांचं दुखणं आहे.

आणि एक गोष्ट काट्यावर आलीच नाही. बायकांनी जे शिळं खाल्लं ते. ते पकडलं असतं तर जास्तीचं रांधलेलं किती, ते खरं कळलं असतं.

आता भाताचंच बघा. 1 किलो 700 शिजलेला भात म्हणजे साधारण 600 ग्रॅम तांदूळ. आम्हाला आठवड्याला साडेपाच-पावणेसहा किलो तांदूळ लागतो. म्हणजे दहा टक्क्यांच्या वर घरात वाया. लुधियानाच्या सिफेट संस्थेनं 2015 साली देशभराचा अभ्यास केला होता. काढणी, मळणी, साठवण, वाहतूक, सगळं धरून धान्याचं नुकसान 4.65 ते 5.99 टक्के. शेतापासून दुकानापर्यंत जेवढं सांडतं, त्याच्या जवळपास दुप्पट माझ्या एका स्वयंपाकघरात. काढणीनंतरचं नुकसान या विषयावर मी किती शिबिरांना बसलोय त्याची गणती नाही. चहा-नाश्ता झाला की तज्ज्ञ सांगतात, चाळीत हवा खेळती ठेवा, क्रेट वापरा. ते बरोबरच आहे. पण त्याच शिबिराच्या जेवणात मागं किती उरतं, ते कुणी मोजलेलं मी बघितलं नाही.

आठवड्याला 600 ग्रॅम म्हणजे वर्षाला 31 किलो तांदूळ. एक किलो तांदूळ पिकवायला जगाच्या सरासरीनं अडीच हजार लिटर पाणी लागतं असं धरतात. त्यात पावसाचं पाणीही आलं, आणि आमचा तांदूळ इगतपुरीकडचा, तिकडं पाऊस उदंड, त्यामुळं हा आकडा जसाच्या तसा आपल्या विहिरीला लावू नका. तरी पण 31 किलोला 77 हजार लिटरच्या वर होतं. दहा हजारी टँकर धरला तर आठ टँकर. द्राक्षबाग जगवायला उन्हाळ्यात टँकर विकत घेतलेली माणसं आपण. ड्रिपरमधून चार थेंब जास्त पडले तर मी मुलावर ओरडतो.

मग घरात बसून ठरवलं. ठरवलं म्हणजे हिनं आणि सूनबाईनं ठरवलं, मी मान डोलावली.

पहिली गोष्ट, शिळं उरलं तर त्याचा वेगळा पदार्थ करायचा आणि तो सगळ्यांच्या ताटात पडला पाहिजे. पहिलं ताट माझं. माझ्या पुढ्यात शिळं आलं की पुढच्या वेळी भाकरी मोजून होतात, हे चार दिवसांतच दिसलं. आधी कसं व्हायचं, मी शेतातून येताना दोन माणसं बरोबर आणणार, फोन करणार नाही, म्हणून हिला रोज चार भाकरी जास्तीच्या थापाव्या लागायच्या. माणसं आली नाहीत की त्या चार भाकरी दुसऱ्या दिवशी हिच्याच ताटात. आता बांधावरून फोन करतो. एवढी साधी गोष्ट, तीस वर्षांत केली नव्हती.

दुसरी, भात रोज वाटीनं मोजून. नातवंडांना आधी थोडं वाढायचं, मागितलं तर परत. आपल्याकडं पाहुण्याला आणि पोराला आग्रह करकरून वाढायची रीत, ताटात उरलं तरच पाहुणचार झाला असं वाटतं. यावरून आईचं आणि सूनबाईचं थोडं वाजलं. आईचं म्हणणं, लेकराला मोजून वाढू नये. मग तोडगा निघाला, आईनंच वाढायचं, पण लहान पळीनं.

आता पदार्थ. मी खाणारा आहे, करणारा नाही, तरी हिला विचारून लिहितो.

कुस्करा तर सगळ्यांना माहीत आहे. चार भाकरी असतील तर दोन मोठे कांदे, पाच-सहा मिरच्या, लसूण, मूठभर शेंगदाणे. भाकर हातानंच कुस्करायची, मिक्सरला लावली तर पीठ होतं आणि मजा जाते. बाजरीची भाकर दुसऱ्या दिवशी फार कोरडी पडते, म्हणून फोडणीच्या आधी दहा मिनिटं अर्धी वाटी ताकाचा हबका मारून ठेवायचा. कांदा लालसर झाला की चुरा टाकायचा, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. वरून कोथिंबीर आणि कच्चं तेल. ज्वारीच्या भाकरीला ताक कमी. यात ताक घालायची युक्ती आईची. आधी तिला कुणी विचारलीच नव्हती, कारण तिचा कुस्करा कुणी खात नव्हतं.

उन्हाळ्यात भाकरी जास्त उरल्या तर त्याच दिवशी तुकडे करून कडक उन्हात वाळवायच्या. डब्यात महिनाभर टिकतात. पावसाळ्यात लसूण-मिरचीची फोडणी द्यायची, पाणी उकळायचं, त्यात हे कुटके शिजवायचे, वरून शेंगदाण्याचं कूट. मजुरी नसलेल्या दिवसांचं जेवण म्हणून आम्ही हे विसरलो होतो. पाऊस धरलेला असताना खाऊन बघा.

उरलेलं वरण किंवा आमटी असेल तर त्यातच कणीक मळायची, ओवा आणि तीळ टाकून धपाटे करायचे. सुकी भाजी थालीपिठाच्या पिठात. भात असेल तर ज्वारीचं पीठ, कांदा, मिरची घालून त्याचंही थालीपीठ होतं, आणि नुसत्या फोडणीच्या भातापेक्षा नातवंडं ते आवडीनं खातात. चैत्र-वैशाखात भात कुस्करून जिरं, मीठ, तिखट घालून सांडगे टाकायचे. पोळ्या उरल्या तर गूळ-तुपाचा मलिदा.

आणि सालींचं सांगायचं राहिलं. दोडक्याच्या शिरा, दुधी भोपळ्याची साल, कोबीचा दांडा, फ्लॉवरचा कोवळा पाला, मुळ्याचा पाला, हे टाकायचं नाही. दोडक्याच्या शिरा बारीक करून तव्यावर तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची घालून चटणी. मात्र बाजारच्या भाजीची साल वापरताना जरा विचार करा. फवारणी कधी झाली, काढणीपूर्वीचे दिवस पाळले की नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार. आम्ही घरच्या परड्यातल्या भाजीचीच साल खातो.

मोबाईलवर उरलेल्या अन्नाच्या पाककृती खूप फिरतात. सूनबाईनं एक दाखवली, उरलेल्या तीन पोळ्यांवर चीज, सॉस, पनीर आणि काय काय. दहा रुपयांच्या पोळ्या वाचवायला शंभराचं सामान. वाढदिवसाला करा, माझी ना नाही, पण त्याला बचत म्हणू नका.

आता एक सावधगिरीचं. शिळं म्हणजे खराब नव्हे, पण खराब झालेलं शिळं म्हणून खाऊ नका. भाकरीत पाणी कमी असतं म्हणून ती टिकते. भात ओला, तो फसवतो. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. पातेल्यात कोमट राहिलेल्या भातात ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत तापवून जात नाही. म्हणून रात्रीचा भात उरणार असं दिसलं की पसरट ताटात काढून गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी संपवायचा. मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात खाऊ नका, वास आला नाही तरी.

भाकरीला पावसाळ्यात बुरशी येते. आपण काय करतो, बुरशीचा भाग काढून बाकीची भाजून खातो, नाहीतर गाईला घालतो. दोन्ही चूक. काही बुरश्यांत अफ्लाटॉक्सिन असतं, ते तव्यावर भाजून जात नाही. गाईच्या पोटात गेलं तर दुधात उतरतं, आणि तेच दूध सकाळी नातवाच्या कपात. मक्याच्या मुरघासाला बुरशी आली तर आपण फेकतो, मग भाकरीला वेगळा न्याय कशाला?

फ्रिजचंही एक आहे. फ्रिज आला तेव्हा वाटलं आता काही वाया जाणार नाही. झालं उलटं. वाटीत काढून मागं ढकलायचं, तीन दिवसांनी बाहेर काढायचं, नाक मुरडायचं आणि टाकायचं. टाकायचं ते टाकायचंच, फक्त तीन दिवस वीज जाळून. त्यात आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. आता सूनबाईनं वरचा एक कप्पा ठरवलाय, उरलेलं फक्त तिथंच, डोळ्यासमोर. सकाळी पहिलं तेच बाहेर.

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं, पण लिहितो. शिळ्याचे वाटेकरी आपण आणखी एक करून ठेवलेत. मजूर. पेठ, सुरगाण्याकडून माणसं छाटणीला, थिनिंगला येतात, आपल्या शेतात पाली टाकून राहतात. कालचं उरलेलं त्यांना द्यायचं आणि वर "जेवण पण देतो" म्हणायचं. मी केलंय, म्हणून लिहितोय. जे आपण आपल्या ताटात घेणार नाही ते दुसऱ्याला देऊन पुण्य लागत नाही. द्यायचं असेल तर त्याच दिवशी, गरम असताना, आपण जेवायच्या आधी काढून द्यावं. याच दिवाळीनंतरच्या हंगामात एक ताई आमच्या हिला म्हणाल्या, "काकी, कालचं नको, पीठ द्या, आमी भाजू." त्यांचं बरोबर होतं.

काहीजण म्हणतील, एवढं कशाला, उकिरड्यावर टाकलं तर खतच होतं ना. होतं. सालीपाल्याचं उत्तम होतं. पण शिजवलेलं, तेल-मिठाचं अन्न उघड्या उकिरड्यावर पडलं की आधी उंदीर-घुशी येतात, मग कुत्री. आणि निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या लोकांना सांगायला नको, कुत्री आली की मागं कोण येतं. विद्या अत्रेय यांनी शेजारच्या अकोले भागात बिबट्यांचा अभ्यास केला, त्यात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. आपण ऊस तोडला म्हणून बिबट्या आला म्हणतो, पिंजरा लावा म्हणतो. रात्री दारात खरकटं आपणच टाकतो, ते कुणी बोलत नाही. नातवंडं खेळतात त्या अंगणापासून माझा उकिरडा पन्नास पावलांवर होता. तो आता हलवला, आणि शिजवलेलं काही त्यावर जात नाही.

मग जे खरंच खाण्यासारखं राहिलं नाही त्याचं काय? पुण्याच्या आरती संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं खरकट्यावर चालणारं लहान गॅस संयंत्र तयार केलं, त्याला 2006 साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कर्व्यांचा मुद्दा मला फार पटला. शेणातलं सत्त्व गाईनं आधीच काढून घेतलेलं असतं, म्हणून गॅसला शेण पुष्कळ लागतं. पिठूळ, गोड अन्नात सत्त्व शाबूत असतं, म्हणून ते थोडंसंच पुरतं. नाशिक महापालिकेनंही 2017 साली जर्मनीच्या मदतीनं विल्होळीकडं हॉटेलातलं उरलेलं अन्न आणि शौचालयाचा मैला एकत्र कुजवून वीज करायचा प्रकल्प सुरू केला. आपल्याकडं ज्यांचं गोबरगॅस अजून चालू आहे त्यांनी दिवसाकाठी थोडं खरकटं शेणाच्या काल्यात मिसळून टाकायला हरकत नाही. पण तिथंही गाईसारखंच. एकदम घमेलं ओतलं तर टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो. पोट गाईचं काय नि टाकीचं काय.

मात्र माझं मत असं की गॅस, खत, गोठा हे सगळं नंतर. भाकर माणसासाठी थापली होती. तिच्यामागं नांगरट आहे, राखण आहे, चुलीपुढचा घाम आहे. तिचा गॅस करून आपण फार मोठं काम केलं असं मी तरी म्हणणार नाही.

काट्याचा हिशोब चार आठवडे ठेवला. चौथ्या आठवड्यात बादली भरली 4 किलो 900 ग्रॅम, त्यात शिजवलेलं अन्न फक्त 700 ग्रॅम. तेही एका दिवशी, सगळे हळदीला गेलो आणि घरी कालवण तसंच राहिलं म्हणून. तांदळाची गोणी संपायला आता किती दिवस जास्त लागतात ते बघायचंय. तारीख भिंतीवर लिहून ठेवली आहे.

गावात बोललो तेव्हा एक जण हसून म्हणाला, "काय नाना, एवढी बाग आणि शिळं खाताय?" म्हणलं, हो, आणि आता दोघं मिळून खातो.

सूनबाईनं हे सगळं वाचून बघितलं. दोन ठिकाणी दुरुस्ती केली. कुस्कऱ्यात मी सहा मिरच्या लिहिल्यात, तिचं म्हणणं नाशिककरांना ठीक, बाकीच्यांनी तीनच घालाव्यात. आणि दुसरी, मी "सगळ्यांच्या ताटात" असं लिहिलंय, तर तिनं विचारलं, मुलगा मंगळवारी कुठं होता? मंगळवारी शिळ्या पोळ्यांचे धपाटे होते आणि तो मित्राबरोबर मिसळ खाऊन आला होता. तेवढं अजून जमायचंय.

तुमच्याकडं शिळ्याचं काय करतात ते लिहा, ताकातले प्रकार असतील तर आधी लिहा. दूध व्यवसायातल्या मंडळींनी लग्नसराईच्या आत डॉक्टरांचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. माझ्या भिंतीवर गाय गेल्यावर लिहिला.

पहाटे फवारणीला उठायचंय. थांबतो.